नालबंदी आणि लोहारकाम

घोड्याच्या खुराची छाटणी करून त्यावर बेताचा लोखंडी नाल ठोकणे या व्यवसायास नालबंदी म्हणतात. तर लोखंड तापवून व ठोकून त्यास इष्ट आकार देणे हे लोहारकाम होय. भट्टी, ऐरण, हातोडा, सांडशी इ. साधने दोन्ही व्यवसायांत समाईक असल्याने नालबंदास लोहारकाम आपोआप येते, असा समज आढळतो. तो अंशतःच खरा आहे.

इंग्लंडमधील अनेक खेड्यांत पूर्वी एकच कारागीर ही दोन्ही कामे करीत असे. शहरांत मात्र ती लवकर वेगळी झाली. लंडनमधील नालबंदांच्या संघाचा उगम १३५६ मध्ये झाला व त्यास १६७४ मध्ये राजसनद मिळाली. हेन्री बर्डेन यांनी १८३५ मध्ये अमेरिकेत नाल तयार करण्याच्या यंत्राचे एकस्व घेतले. पुढे यंत्रनिर्मित तयार नालांचा प्रसार झाला आणि प्रत्येक नाल पट्टीपासून घडविण्याची गरज कमी झाली. विसाव्या शतकात मोटारी व ट्रॅक्टर यांमुळे घोड्यांची संख्या घटली व खेड्यांतील भट्ट्या बंद पडू लागल्या. इंग्लंडमध्ये १९२१ मध्ये स्थापन झालेल्या ग्रामोद्योग विभागाने फिरत्या शिक्षकांमार्फत अशा कारागिरांना शेती-अवजारांची दुरुस्ती, जोडकाम व शोभिवंत लोहकाम शिकविले. नालबंदाने लोहारकामाकडे वळण्यामागे आज आणखी एक कारण असते. घोड्याचा पाय गुडघ्यांत धरून दिवसभर ओणवे राहावे लागल्याने त्याची पाठ व कंबर झिजते. लोहारास ऐरणीपाशी उभ्याने काम करता येते.

नाल घडविताना पट्टी वाकविणे, खिळ्यांसाठी खोबण पाडून भोके पाडणे, पुढील कडेस लहान चाप काढणे आणि तापलेला नाल झटपट जुळवून घेणे या क्रिया नालबंदाच्या हातात पक्क्या बसलेल्या असतात. रंगावरून लोखंडाचे तापमान ओळखण्याची सवयही त्यास असते. तथापि त्याचा माल बहुधा एकाच प्रकारचा, म्हणजे कमी कार्बनाच्या मृदू पोलादाची पट्टी, असतो. लांब निमुळते टोक काढणे, दांडा ठोकून एके जागी जाड करणे, सळई पिळणे, कूस व साल यांचा सांधा करणे आणि दोन तुकडे पांढुरके होईपर्यंत तापवून टाकणखाराच्या साहाय्याने एकजीव करणे, या क्रियांचा सराव त्यास वेगळा करावा लागतो.

सर्वांत मोठा फरक हत्यारे बनविताना जाणवतो. मृदू पोलाद तापवून पाण्यात बुडविले, तरी ते फारसे कठीण होत नाही. छिन्नीसाठी लागणारे अधिक कार्बनाचे पोलाद मात्र तसे केल्यास कठीण पण ठिसूळ होते. म्हणून ते घासून चकचकीत करतात व पुन्हा हळूहळू तापवितात. पृष्ठभागावर प्रथम फिकट पिवळा (सु. २२०° से.), मग जांभळा व शेवटी निळा (सु. ३००° से.) रंग येतो. योग्य रंग येताच तापविणे थांबविले नाही, तर धार टिकत नाही.

साधनांतही भेद आहे. नालबंदाची ऐरण गाडीतून नेण्याजोगी हलकी व लांब शिंगाची असते. लोहाराची अधिक वजनदार असून ती एका जागी पक्की बसविलेली असते. नालबंदाच्या वायुभट्टीत तुकडा सर्वत्र सारखा तापतो. उलट, लोहाराच्या कोळशाच्या भट्टीत हवा तेवढाच भाग तापविता येतो. जुने जस्तलेपित लोखंड भट्टीत घालू नये. त्यातून निघणाऱ्या जस्ताच्या धुरामुळे ज्वर येतो.

मापाची दृष्टीही बदलावी लागते. नालबंदाचे माप खूर असते. नाल खुराला जुळवावयाचा, खूर नालाला नव्हे. फाटक वा कठडा घडविताना असे तयार माप नसते. म्हणून लोहार आकृती प्रथम पूर्ण मापात रेखाटतो व ठोकल्यावर लोखंड किती लांबेल याचा हिशोब आधी करतो.

ग्रेट ब्रिटनमध्ये १९७५ च्या नोंदणी कायद्यानुसार अपवाद वगळता नोंदणीकृत नालबंदासच घोड्यास नाल ठोकता येतो. नुसता नाल घडविण्यास ही अट नाही. त्यामुळे नालबंदास लोहारकाम खुले आहे. लोहारास मात्र शिक्षण व नोंदणीशिवाय नालबंदी करता येत नाही. चूक झाल्यास लोखंड पुन्हा तापविता येते. खिळा खुराच्या जिवंत भागात गेला, तर जनावर लंगडे होते. या भेदाचे कारण त्यातच आहे.

महाराष्ट्रात लोहार हा बलुतेदार होता, तर बैलांची नालबंदी बहुधा स्वतंत्र नालबंद करीत. बैलाचा खूर दुभंगलेला असल्याने प्रत्येक पायास दोन वेगळ्या पत्र्या माराव्या लागतात. बैलास आडवा पाडून व पाय बांधून हे काम करतात. त्यात लोखंडाच्या घडाईपेक्षा जनावर हाताळण्याचे कौशल्य अधिक लागते. त्यामुळे येथील नालबंदास लोहारकाम शिकावयाचे, तर बहुतांशी प्रारंभापासूनच शिकावे लागते.