उदरस्थ वसा आणि औषधे

उदरपोकळीत आंतड्यांभोवती व वपाजालात साठणाऱ्या वसेस उदरस्थ वसा म्हणतात. हा निष्क्रिय साठा नव्हे; त्यातून मुक्त वसाम्ले व शोथकारक द्रव्ये बाहेर पडतात आणि त्यांचा बराच भाग प्रथम यकृतात पोहोचतो. इन्शुलिनाची क्रिया मंदावून रक्तशर्करा, रक्तदाब व ट्रायग्लिसराइडे एकत्रितपणे वाढल्यास त्या अवस्थेस चयापचयी लक्षणसमूह म्हणतात.

भारतीयांत हा विकार सडपातळ दिसणाऱ्या व्यक्तींतही आढळतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक व ब्रिटिश वैद्य जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र २००४ मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दोघांचाही देहवस्तुमान निर्देशांक २२·३ होता. परंतु शरीरातील वसेचे प्रमाण युडकिन यांच्यात ९·१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१·२ टक्के होते. पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून झालेल्या अभ्यासात नवजात बालकांचे सरासरी वजन सु. २·७ किग्रॅ. (इंग्लंडमधील साउथॅम्प्टन येथे सु. ३·५ किग्रॅ.) भरले, स्नायू कमी असूनही त्वचेखालील वसा मात्र बरीचशी टिकून होती. तेव्हा केवळ वजनकाट्यावर विसंबणे भारतीय रुग्णास महागात पडते. कंबरेचा घेर पुरुषांत ९० सेंमी. व स्त्रियांत ८० सेंमी. वा अधिक असल्यास तो धोक्याचा समजतात.

पायोग्लिटाझोन या औषधाची क्रिया प्रथमदर्शनी विसंगत वाटते. त्यामुळे त्वचेखाली नव्या वसाकोशिका तयार होतात, वजन वाढते. तरीही यकृतातील वसा घटून इन्शुलिनाची क्रिया सुधारते. वसा किती यापेक्षा ती कोठे साठते हे महत्त्वाचे, असे यावरून दिसते. सूज, हृद्‌निष्फलता व अस्थिभंग हे त्याचे धोके होत. मूत्राशयाच्या कर्करोगाच्या शंकेवरून भारतात जून २०१३ मध्ये त्याची विक्री स्थगित झाली. पुढील महिन्यात इशाऱ्यासह स्थगिती उठली. त्याच वर्षी मान्यता मिळालेले सारोग्लिटाझार हे भारतीय औषध मुख्यत्वे ट्रायग्लिसराइडे कमी करते. मेटफॉर्मिनाचा उदरस्थ वसेवरील परिणाम अल्प असतो.

सेमाग्लुटाइडाने भूक मंदावून उदरस्थ वसा लक्षणीय घटते. मात्र त्याबरोबर स्नायूही झिजतात. मुळात स्नायू कमी असलेल्या रुग्णांत ही बाब दुर्लक्षिण्याजोगी नाही. औषध थांबविल्यास वजन बहुधा पुन्हा वाढते. रिमोनाबंटाने कंबरेचा घेर कमी होई. पण नैराश्य व आत्महत्येच्या धोक्यामुळे यूरोपात २००६ मध्ये मान्य झालेले हे औषध २००८ मध्ये मागे घेण्यात आले. याउलट, दीर्घकाळ घेतलेल्या कॉर्टिकोस्टेरॉइडांनी हात-पाय कृश होऊन पोटावरील वसा वाढते. म्हणून पोट सुटलेल्या रुग्णाकडे त्याने आधी घेतलेल्या औषधांची चौकशी अवश्य करतात.