सूर्यावरचे उकळते आधण

भातासाठी आधण ठेवले की तळाचे पाणी तापून वर येते आणि वरचे थंड पाणी खाली जाते. शाळेत आपण यालाच अभिसरण म्हणून शिकलो. शरीरात रक्ताचे अभिसरण हृदयाच्या पंपामुळे होते. सूर्यात असा पंप नाही. तेथे हे काम उष्णताच करते.

सूर्याच्या वातावरणाचा सर्वांत खालचा थर म्हणजे फोटोस्फिअर. आपल्याला दिसते ते सूर्यबिंब हेच. त्याचे तापमान सुमारे ५,५०० अंश सेल्सिअस. सौरदुर्बिणीतून हा थर साबुदाणा पसरल्यासारखा दाणेदार दिसतो. या दाण्यांना ग्रॅन्यूल म्हणतात. एकेक दाणा साधारण १,००० किलोमीटर रुंद, म्हणजे अख्खा महाराष्ट्र मावेल एवढा. आणि त्याचे आयुष्य मात्र दहा-वीस मिनिटांचे!

दाण्याचा मधला भाग उजळ असतो, कारण तेथे तप्त वायू वर येत असतो. कडेच्या काळपट रेषांतून तो निवून खाली जातो. काळपट म्हणजे थंड नव्हे, आजूबाजूपेक्षा काही शे अंशांनी कमी तप्त, एवढेच. वायूची दिशा त्याच्या प्रकाशावरून कळते. अँब्युलन्स जवळ येताना सायरनचा सूर चढतो, तसा आपल्याकडे येणाऱ्या वायूचा प्रकाश किंचित निळ्या बाजूला सरकतो; दूर जाणाऱ्याचा तांबड्या.

हवाई बेटांवरील इनोये सौरदुर्बिणीने २०२० मध्ये या थरातील ३० किलोमीटर इतके बारीक तपशील दाखवले. आपल्या आदित्य-एल१ यानावरील, पुण्याच्या आयुकात विकसित झालेली ‘सूट’ दुर्बीण सूर्याचे अतिनील प्रकाशात निरीक्षण करते.

इनोये दुर्बिणीचे भाग तापू नयेत म्हणून खास शीतकरण यंत्रणा लागते. आपल्या डोळ्याला तशी सोय नाही. शिवाय दृष्टिपटलाला वेदना कळत नाही. सूर्याकडे टक लावून पाहताना इजा होते, पण दुखत नाही. काही तासांनी नजरेच्या मधोमध डाग जाणवतो. काहींची दृष्टी सुधारते, काहींचा डाग कायम राहतो. यावर खात्रीचा उपचार नाही.

म्हणून गॉगल, एक्स-रे फिल्म, काजळी धरलेली काच यांवर विसंबू नका. प्रमाणित सौरचष्माच वापरा; मात्र तो लावून दुर्बिणीत डोकावू नका. दुर्बिणीचा सौरफिल्टर तिच्या पुढच्या तोंडाशीच हवा. मुलांना पुठ्ठ्याला सुईने भोक पाडून सूर्याची प्रतिमा कागदावर दाखवा. सूर्याकडे पाठ करून सूर्य पाहण्याचा हा सर्वांत सुरक्षित मार्ग आहे.