1967 : तबकडीवर नसलेली चार नावे

रॉक संगीतातले 1967 म्हटले की जिमी हेंड्रिक्सची पेटलेली गिटार आठवते. 18 जूनची रात्र, कॅलिफोर्नियातला मॉन्टेरी महोत्सव. ते छायाचित्र इतके गाजले की वर्षाची ओळखच तेवढ्यावर येऊन थांबली. खरी उलथापालथ मात्र लंडनमध्ये, ॲबे रोडवरच्या ईएमआय स्टुडिओत बंद दाराआड झाली, असे माझे मत आहे.

ऑगस्ट 1966नंतर बीटल्सनी जाहीर दौरे सोडले होते. किंकाळ्यांच्या गदारोळात त्यांना स्वतःचे वाजवणेही धड ऐकू येत नसे. नोव्हेंबरात ते स्टुडिओत शिरले. हाताशी यंत्र चारच ट्रॅकचे. चारही भरले, की त्यांचे मिश्रण दुसऱ्या यंत्राच्या ट्रॅकवर उतरवायचे आणि उरलेल्या जागेत पुढचे काम करायचे. ‘अ डे इन द लाइफ’ या गाण्यासाठी निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी 40 वादक बोलावले. प्रत्येकाने आपल्या वाद्याच्या खालच्या स्वरापासून वरपर्यंत आपापल्या गतीने चढत जायचे, शेजाऱ्याच्या मागे जायचे नाही, एवढीच सूचना! या वाद्यवृंदाला जागा हवी म्हणून तंत्रज्ञ केन टाउन्सेंड यांनी दोन यंत्रे एकमेकांशी जुळवून चालवली. तोवर तबकडी म्हणजे गायलेल्या गाण्याची नोंद असे. 1 जूनला अधिकृतपणे बाजारात आलेली ‘सार्जंट पेपर’ ही तबकडी मंचावर जशीच्या तशी उभी करणे त्या चौघांनाही शक्य नव्हते. गाणे आता स्टुडिओतच घडत होते.

याच तबकडीवर ‘विदिन यू विदाउट यू’ आहे. बीटल्सपैकी त्यात एकटा जॉर्ज हॅरिसन. आदल्या वर्षी मुंबईत येऊन तो रविशंकरांकडे सतार शिकून गेला होता. चाल खमाज थाटाच्या वळणाची. तबल्यावर त्रिताल, आणि मधला वाद्यांचा तुकडा दहा मात्रांचा. 15 मार्चला भारतीय वादकांनी आपला भाग वाजवला. नंतर मार्टिननी व्हायोलिन आणि चेलो बसवले, तेव्हा दिलरुब्याची मींड पाश्चात्त्य वादकांच्या गजातून काढून घेताना सगळ्यांचा कस लागला. स्वर सुटा न वाजवता घसरत न्यायचा, हे त्यांच्या तालमीतच नव्हते. माझ्या मते या तबकडीतले सर्वांत धाडसी काम हेच.

मॉन्टेरीला हेंड्रिक्सच्या त्याच दिवशी दुपारी रविशंकर आणि अल्लारखाँ तीन तासांहून अधिक वेळ वाजवत होते, आणि हजारो तरुण ऐकत होते. ही दाद अचानक आलेली नव्हती. सतारीचा कान तबकड्यांनी आधीच तयार केला होता.

‘सार्जंट पेपर’च्या मुखपृष्ठावर परमहंस योगानंदांसह चार भारतीय योग्यांचे चेहरे आहेत. आत वाजवणाऱ्या भारतीयांची नावे कुठेच नाहीत. साथीच्या वादकांची नावे छापायचा तेव्हा रिवाज नव्हता. वाद्यवृंदातले 40 जणही अनामच राहिले. पण ‘विदिन यू विदाउट यू’चा सगळा डोलारा भारतीय वादकांवर उभा आहे. अर्धशतक उलटल्यावर, 2017च्या सुमारास, संशोधकांच्या खटपटीमुळे ही नावे लोकांसमोर नीट आली : दिलरुब्यावर अण्णा जोशी आणि अमृत गज्जर, तंबोऱ्यावर बुद्धदेव कंसारा, तबल्यावर नटवर सोनी. दुसऱ्या बाजूचे पहिलेच गाणे आहे. लावाल तेव्हा ही चार नावे घ्या.