सज्ञान नसलेल्या वारसांसाठी

21 एप्रिल 2021 रोजी नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागली आणि त्या दिवशी 22 रुग्ण दगावले. करोनाच्या त्या लाटेत महाराष्ट्रभर तिशी-चाळिशीतले आई-बाप गेले. दोन्ही पालक गमावलेल्या मुलांसाठी राज्य सरकारने पाच लाखांची मुदत ठेव जाहीर केली. केंद्राने पीएम केअर्समधून वयाच्या 23व्या वर्षी दहा लाख मिळण्याची तरतूद केली. ही मदत हवीच होती. पण मूल आजोळी राहणार की काकांकडे, त्याचे पैसे कोण सांभाळणार, हप्ते चालू असलेल्या फ्लॅटचं काय करायचं, हे सरकारने सांगण्यासारखं नव्हतं. ते आई-बापांनी लिहून ठेवायचं असतं.

मृत्युपत्र हे सत्तरीनंतरचं काम, असं आपण धरून चालतो. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. सत्तरीतल्या माणसाची मुलं मोठी असतात. वडील काही न लिहिता गेले, तरी भावंडं एकत्र बसून हक्कसोडपत्र करतात, सह्या करतात, मिळकत एकाच्या नावावर होते. सहा वर्षांच्या मुलाला हक्कसोड करता येत नाही, त्याची सहीच चालत नाही. म्हणून मृत्युपत्राची खरी निकड तरुण आई-बापांना आहे.

समजा, नाशिकमध्ये सातपूरच्या कारखान्यात नोकरी करणारा एक जण आहे. पाथर्डी फाट्याला त्याच्या एकट्याच्या नावावर फ्लॅट आहे. घरात बायको, दोन लहान मुलं आणि आई. तो मृत्युपत्र न करता गेला, तर 1956च्या हिंदू वारसा कायद्याने चौघांचे चार सारखे हिस्से होतात. बायकोच्या वाट्याला पाव फ्लॅट. फ्लॅट विकून कर्ज फेडावं आणि माहेरच्या जवळ लहान घर घ्यावं असं तिला वाटलं, तरी सासूची सही लागते. मुलांच्या अर्ध्या वाट्यासाठी तर तिला जिल्हा न्यायालयाची परवानगी आणावी लागते, कारण अज्ञान मुलाची स्थावर मिळकत नैसर्गिक पालकालाही परस्पर विकता येत नाही. विकलीच, तर मूल सज्ञान झाल्यावर तो व्यवहार रद्द करून मागू शकतं. त्यामुळे परवानगीशिवाय कोणी शहाणा ग्राहक पुढे येत नाही. स्वार्थी पालकापासून मुलाला वाचवणारा हा नियम चांगलाच आहे, पण सरळ मार्गाच्या आईलाही तो मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या कोर्टाच्या पायऱ्या चढायला लावतो. नवऱ्याने ‘माझं सर्व काही बायकोला’ एवढं लिहिलं असतं, तरी हे सगळं टळलं असतं.

‘सगळीकडे नॉमिनी लावलाय’ हे उत्तर घरोघरी ऐकू येतं, पण तेवढं पुरत नाही. ‘कालनिर्णय’चे संस्थापक जयंत साळगावकर 2013मध्ये गेले. त्यांनी मृत्युपत्र केलेलं होतं. तरी काही गुंतवणुकींवर ज्यांची नावं नॉमिनी म्हणून होती, त्यांचा हक्क मोठा की वारसांचा, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 14 डिसेंबर 2023 रोजी न्यायालयाने सांगितलं की शेअर्सच्या बाबतीत नॉमिनी मालक होत नाही. बँकेतल्या ठेवीचंही तसंच आहे: पैसे नॉमिनीच्या हाती पडतात, पण ते वारसांचे असतात. हाउसिंग सोसायटीतला नॉमिनी तर तात्पुरता सभासद असतो. नॉमिनी जरूर लावावा, म्हणजे पैसे अडकून पडत नाहीत. लग्नाआधी नोंदवलेली नावं, विशेषतः भविष्यनिर्वाह निधीतली, लगेच तपासावीत. आणि तीच नावं मृत्युपत्रात आली तर भांडणाला जागाच उरत नाही.

मृत्युपत्र साध्या कागदावर, मराठीत, स्वतःच्या हाताने लिहिलेलं चालतं. मुद्रांक शुल्क नाही, स्टँप पेपर लागत नाही. नोटरीचीही सक्ती नाही. लिहिणारा सज्ञान आणि शुद्धीत असावा, त्याने सही करावी, आणि निदान दोन साक्षीदारांनी त्याला सही करताना पाहून त्याच्यासमोर आपापल्या सह्या कराव्यात. 1925च्या भारतीय वारसा कायद्याची अट एवढीच. साक्षीदारांना मजकूर वाचून दाखवण्याचीही गरज नाही. मात्र पुढे मृत्युपत्र कोर्टात सिद्ध करायची वेळ आली, तर साक्षीदार हयात असल्यास निदान एकाला येऊन सांगावं लागतं. म्हणून साक्षीदार आपल्यापेक्षा लहान वयाचे, गावातलेच आणि ज्यांना मृत्युपत्रातून काही मिळणार नाही असे निवडावेत. शेजारचं जोडपं किंवा कारखान्यातले दोन सहकारी उत्तम.

मजकूरही लांबलचक नको. नाव, वय, पत्ता, आधीची मृत्युपत्रं रद्द केल्याचं एक वाक्य, आणि मग: ‘माझ्या मृत्यूच्या वेळी माझ्या मालकीची जी काही स्थावर व जंगम मिळकत असेल, ती सर्व मी माझ्या पत्नीस देत आहे. ती माझ्याआधी किंवा माझ्यानंतर तीस दिवसांच्या आत मरण पावल्यास ती मिळकत माझ्या सर्व मुलांना, आज असलेल्या व पुढे होणाऱ्या, समान मिळावी.’ एकाच अपघातात दोघं गेले तर काय, याची सोय त्या तीस दिवसांत आहे, आणि ‘पुढे होणाऱ्या’मुळे धाकट्यासाठी नवा कागद करावा लागत नाही. बायकोनेही असंच स्वतःचं वेगळं मृत्युपत्र करावं. खाती, पॉलिसी, कर्जं यांची यादी स्वतंत्र कागदावर ठेवावी, कारण ती दर वर्षी बदलते.

वडिलोपार्जित शेती असेल तर आपल्या हिश्शापुरतंच लिहिता येतं. निफाड-दिंडोरीत सातबाऱ्यावर भावांची नावं एकत्र असलेली द्राक्षबाग सबंध बायकोच्या नावे लिहून देणारा कागद तिला भांडणच देऊन जाईल. हे सगळं हिंदू, बौद्ध, जैन, शीख कुटुंबांबद्दल झालं. मुस्लिम कायद्यात साधारणपणे एक-तृतीयांशापुरतंच मृत्युपत्राने देता येतं. शरणपूरच्या ख्रिस्ती कुटुंबाने ध्यानात ठेवावं की मृत्युपत्रानंतर लग्न झालं तर ते रद्द होतं, आणि साक्षीदाराला किंवा त्याच्या जोडीदाराला दिलेलं काही टिकत नाही.

सगळ्यांत जड काम पालक ठरवण्याचं. 1956च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याप्रमाणे बापाने मृत्युपत्रात पालक नेमला, तरी आई हयात असेपर्यंत ती नेमणूक लागू होत नाही. पुढे आई पालक न नेमता गेली, तर बापाने केलेली नेमणूक पुन्हा लागू होते. आईलाही हा अधिकार आहे. म्हणून दोघांनी दोन्ही कागदांत एकच नाव लिहावं, शिवाय एक पर्यायी नाव. न्यायालय अखेर मुलाचं हित पाहतं, पण आई-बापांनी लिहिलेला शब्द तिथे वजनदार ठरतो. आजी-आजोबांची माया कितीही खरी असली, तरी चार वर्षांचं मूल अठराचं होईल तेव्हा त्यांचं वय काय असेल, ते मोजावं. मामाकडे मूल रमत असेल आणि आत्या हिशोबाला चोख असेल, तर मुलाचा सांभाळ मामाकडे आणि पैशांची जबाबदारी आत्याकडे, अशी वाटणी करता येते. न विचारता कोणाचंही नाव घालू नये. भाऊबीजेला भावंडं एका घरात जमतात, तेव्हा जेवणं आटोपल्यावर हे विचारता येतं. ‘सणासुदीला अभद्र बोलू नये’ असं कोणी म्हणेल. माझ्या मते आपल्या लेकरांना भावाच्या भरवशावर सोपवण्याइतकं मंगल बोलणं दुसरं नाही.

अठराव्या वर्षी मुलाच्या हाती सगळे पैसे एकदम पडू नयेत असं वाटत असेल, तर मृत्युपत्रातच विश्वस्त नेमून वय पंचवीस करता येतं, पण तेवढ्यासाठी वकिलाची फी द्यावी. अपंग मूल, दुसरं लग्न, परदेशातली मिळकत यांतही स्वतः लिहायचा हट्ट नको. मुदतीचा विमा घेताना मात्र विवाहित स्त्रियांच्या मिळकतीच्या 1874च्या कायद्याखाली पॉलिसी मागावी. ती रक्कम बायको-मुलांसाठी विश्वस्त निधी ठरते आणि नवऱ्याच्या सावकारांना तिच्यावर हात टाकता येत नाही.

नोंदणी ऐच्छिक आहे. ती दुय्यम निबंधकाकडे नाममात्र फीत होते, आणि मृत्युपत्राला नोंदणीच्या मुदतीचं बंधन नाही. सीलबंद पाकिटात जिल्हा निबंधकाकडे ठेवण्याचीही सोय आहे. बदल करायचा झाल्यास खाडाखोड न करता नवं मृत्युपत्र करावं, शेवटचं तेच खरं धरलं जातं. मूळ प्रत कुठे आहे, ते जोडीदाराला आणि पालक म्हणून नेमलेल्या माणसाला सांगून ठेवावं. बँकेच्या लॉकरमध्ये ठेवायची असेल, तर लॉकर दोघांच्या नावावर हवा.