काच काळी नको, ऊन अडवणारी हवी

सकाळी वापीहून सिल्वासाच्या कारखान्यांकडे येणाऱ्या मोटारींना सूर्य बहुधा समोरच भेटतो. संध्याकाळी परततानाही तोच प्रसंग. त्यामुळे उन्हाळा लागला की काचांना काळी फिल्म लावून घेण्याकडे अनेकांचा ओढा असतो. वस्तुतः काचेचा गडदपणा आणि तिची ऊन अडवण्याची क्षमता या निराळ्या गोष्टी आहेत.

सूर्याकडून येणाऱ्या ऊर्जेचा सुमारे निम्मा भाग अवरक्त किरणांचा असतो आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत. स्वस्त रंगीत फिल्म मुख्यतः दिसणारा प्रकाश शोषते. डोळ्यांना गारवा वाटतो, पण काच तापते आणि त्या तापातला काही भाग आतच येतो. सिरॅमिक फिल्म जवळजवळ पारदर्शक राहूनही अवरक्त किरणांचा मोठा हिस्सा रोखते. धातूचा थर असलेली फिल्म उष्णता परतवते खरी. मात्र तिच्यामुळे मोबाइल, जीपीएस व फास्टॅगच्या लहरींना अडथळा येऊ शकतो.

कायद्याची बाजू थोडी गुंतागुंतीची आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १०० नुसार पुढच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के, तर बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आत आला पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ रोजी काचेवर वरून फिल्म चिकटवण्यासच मनाई केली. पुढे या नियमात दुरुस्ती झाली आणि तिच्या आधारे केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये, प्रकाशाची ही मर्यादा पाळणाऱ्या फिल्मला आक्षेप घेता येणार नाही, असा निर्वाळा दिला. दादरा-नगर हवेली मुंबई उच्च न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात येते. केरळचा निकाल येथे बंधनकारक नाही. शिवाय सिल्वासाची मोटार तासाभरात गुजरात किंवा महाराष्ट्राच्या पोलिसांसमोर उभी असते. दंडाची धास्ती नको असेल, तर कारखान्यातूनच बसून आलेली उष्णतारोधक काच हा निर्धोक मार्ग.

फिल्मच लावायची असेल, तर हिशेब आधी करावा. मूळ काचेतून ७५ टक्के प्रकाश येत असेल आणि तिच्यावर ७० टक्क्यांची फिल्म बसवली, तर उरतो साडेबावन्न टक्के. बाजूच्या काचेला तो जेमतेम चालतो, पुढच्या काचेला मुळीच नाही. दुकानदार फिल्मचा आकडा सांगतो, पोलीस मात्र दोन्ही मिळून मोजतात. ‘९५ टक्के इन्फ्रारेड रोध’ अशा जाहिरातीने भुलू नये. तो आकडा पुष्कळदा किरणांच्या ठरावीक पट्ट्यापुरता असतो. एकूण सौर ऊर्जेपैकी किती अडते, हे विचारावे आणि ते प्रमाणपत्रावर पाहावे. खानवेलच्या वळणावळणांच्या रस्त्यावर पावसाळी रात्री गडद काच किती घातक ठरते, हे तिथल्या चालकांना वेगळे सांगायला नको.

उभ्या मोटारीसाठी पुढच्या काचेआड लावायचा चंदेरी पडदा अत्यंत स्वस्त आणि परिणामकारक आहे. निघताना दोन मिनिटे काचा खाली करून कोंडलेली गरम हवा बाहेर जाऊ द्यावी, मगच एसी लावावा.