काळ्या पडद्यामागचं चित्र

टीव्ही लावला की आवाज येतो, रिमोटनं चॅनेलही बदलतात. पण पडदा काळाठिक्कर! अशा वेळी खोलीत अंधार करा आणि मोबाइलचा टॉर्च पडद्याजवळ तिरका धरा. पुष्कळदा त्या काळोखात बातम्यांची पट्टी सरकताना दिसते, बोलणारा चेहरा पुसटसा उमटतो. म्हणजे चित्र जागच्या जागी आहे. गेलाय तो त्याच्या मागचा उजेड, बॅकलाइट.

एलसीडी पडदा स्वतः जराही प्रकाश देत नाही. तो मागून आलेला प्रकाश अडवतो किंवा सोडतो, आणि त्या अडवण्यातूनच चित्र घडतं. दोन पोलरायझरच्या मध्ये द्रवस्फटिकांचा अतिशय पातळ थर असतो. विजेच्या दाबानुसार त्यातले रेणू वळतात आणि प्रकाश कमी-जास्त पुढे जातो. फोर-के पडद्यावर असे ८२,९४,४०० बिंदू. प्रत्येकाचे लाल, हिरवा, निळा असे तीन भाग धरले तर जवळपास अडीच कोटी! द्रवस्फटिकांचं पहिलं दर्शन झालं ते १८८८मध्ये, प्राग शहरात. फ्रीड्रिख रायनित्झर या वनस्पतिशास्त्रज्ञानं तापवलेला एक पदार्थ १४५.५ अंश सेल्सिअसला वितळून गढूळ झाला आणि १७८.५ अंशांना नितळ. ती गढूळ अवस्था म्हणजे द्रवस्फटिक, आणि तशाच अवस्थेवर आज आपल्या घरातला पडदा चालतो.

मागच्या उजेडाची गोष्टही तितकीच विलक्षण. आजच्या बहुतेक बॅकलाइटमधला पांढरा एलईडी मुळात निळा असतो. त्यावरचा फॉस्फरचा लेप काही निळा प्रकाश पिवळसर करतो आणि दोन्ही मिळून डोळ्याला पांढरं दिसतं. हा निळा एलईडी साधणाऱ्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

हे एलईडी पट्ट्यांवर बसवलेले असतात आणि गणपतीतल्या दिव्यांच्या माळेसारखे एकसरीत जोडलेले असतात. प्रत्येकाला साधारण ३ किंवा ६ व्होल्ट लागतात. ३ व्होल्टचे तीस एलईडी म्हणजे ९० व्होल्ट. त्यातला एक जळून वाट तुटली की सगळी सर विझते. म्हणूनच डाळीएवढ्या दिव्यापायी भलामोठा पडदा अंधारतो.

हे कळलं की पडद्याची लक्षणं वाचता येतात. क्षणभर उजळून विझला, तर दिव्यांपर्यंत वीज पोचली, पण दोष जाणवून ती पुरवणाऱ्या सर्किटनं, म्हणजे ड्रायव्हरनं, ती तोडली, असा तर्क करता येतो. एका जागी मंद डाग असेल, तर तिथला एलईडी आतून शॉर्ट झालेला असू शकतो. त्यातून वीज पुढे जाते, म्हणून बाकीचे जळत राहतात. झगझगीत पांढरा ठिपका दिसला, तर एलईडीवरचं भिंग निखळलेलं असतं. चित्र निळं-जांभळं झालं, तर फॉस्फर खराब झालाय.

दुरुस्तीत मात्र धोका आहे. प्लग काढल्यावरही पॉवर सप्लायच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेहून अधिक व्होल्ट उरू शकतात. तो सुरक्षितपणे रिकामा करण्याचा सराव नसेल, तर टॉर्चनं निदान करा आणि पुढचं काम मेकॅनिककडे द्या. जाणकार हातांनाही पॅनेल उचलायला दोघं लागतात: काच पातळ, आणि कडेच्या रिबन ओढल्या तर पडदा कायमचा गेला. त्याखाली प्रकाश पसरवणारे पापुद्रे; त्यांचा क्रम आणि दिशा यांचा फोटो आधीच काढून ठेवावा. सर्वांत खाली पट्ट्या. इथं साधा मल्टिमीटर अनेकदा फसवतो, कारण डायोड मोडमधला त्याचा दाब ६ व्होल्टचा एलईडी पेटवायला पुरत नाही. करंट मर्यादित ठेवणारा बॅकलाइट टेस्टर एकेका एलईडीला लावला की न पेटणारा सापडतो.

तरी तो एकटा बदलून भागत नाही. बाकीच्यांनीही तितकेच तास, जवळपास तीच उष्णता सोसलेली असते. म्हणून सगळ्या पट्ट्या, त्याच क्रमांकाच्या आणि त्याच व्होल्टच्या, एकदम बदलाव्यात. आणि टीव्ही उजळला की सेटिंगमध्ये जाऊन बॅकलाइट थोडा उतरवावा. एलईडीचं आयुष्य उष्णता खाते, उष्णता करंटबरोबर वाढते. घरातल्या प्रकाशात डोळ्यांना फारसा न जाणवणारा हा फरक त्या इवल्या दिव्यांना बराच जास्त काळ जगवतो.