ॲम्प्लिफायरला जोडीदार कोणता?

गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यात शिकवणाऱ्या एका स्नेह्यांनी आम्हाला विचारले, "बरीच वर्षे पैसे साठवून गाणी ऐकण्यासाठी भारी ॲम्प्लिफायर घेतला. त्यावर 100 वॅट लिहिले आहे. दुकानदार म्हणतो, स्पीकरही 100 वॅटचेच घ्या, नाहीतर जळतील. हे खरे का?"

आकड्याला आकडा जुळवला की जोडी जमली, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात ॲम्प्लिफायरवरचा वॅटचा आकडा तो किती विद्युतशक्ती देऊ शकतो हे सांगतो. स्पीकरवरचा आकडा तो किती शक्ती सोसू शकतो हे सांगतो. स्पीकर किती मोठ्याने वाजेल, हे त्यातून कळतच नाही.

ते कशावरून कळते? झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते आणि रात्री नाटके होतात. अशा मैदानावरचा भोंगा आपण सर्वांनी ऐकला आहे. थोड्या वॅटमध्ये तो दूरवर ऐकू जातो. स्पीकरला 1 वॅट शक्ती दिली असता 1 मीटर अंतरावर किती डेसिबेल आवाज मिळतो, त्याला स्पीकरची संवेदनशीलता म्हणतात. भोंग्यासाठी हा आकडा 105 च्या आसपास असतो, तर घरगुती स्पीकरसाठी साधारण 84 ते 90. घरगुती स्पीकर मिळालेल्या शक्तीच्या जेमतेम अर्धा-एक टक्का भागाचाच आवाज करतो. बाकीची उष्णता होते.

मग घरी भोंगाच का लावू नये? कारण तो मुख्यतः बोलण्याच्या पट्टीतले आवाज फेकतो. डग्ग्याचा घुमारा किंवा तंबोऱ्याची भरदार आस त्यातून येत नाही.

डेसिबेलचा हिशेब समजून घेऊ. 3 डेसिबेल वाढवायला शक्ती दुप्पट लागते, 10 डेसिबेलला दहापट. समजा, एका स्पीकरची संवेदनशीलता 84 आहे आणि दुसऱ्याची 90. फरक 6 डेसिबेलचा, म्हणजे शक्तीत चौपट. पहिल्याला 100 वॅट देऊन जेवढा आवाज मिळेल, तेवढा दुसरा 25 वॅटमध्ये देईल!

दुसरी गोष्ट ओहमची. स्पीकरवर 8, 6 किंवा 4 ओहम लिहिलेले असते. समजा, ॲम्प्लिफायर 20 व्होल्ट देत आहे. 8 ओहमच्या स्पीकरमधून 2.5 अँपिअर धारा वाहील आणि 50 वॅट खर्च होतील. 4 ओहमच्या स्पीकरमधून 5 अँपिअर वाहील आणि 100 वॅट लागतील. ही दुप्पट धारा पुरवण्याची ॲम्प्लिफायरची तयारी नसेल तर तो तापतो, कधी निकामीही होतो. 8 ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले तरी एकूण 4 ओहमच होतात. म्हणून ॲम्प्लिफायरच्या मागे कमीत कमी किती ओहम चालतील ते लिहिलेले असते, ते आधी वाचावे.

आता जळण्याचा प्रश्न. घरी नेहमीच्या ऐकण्यात सरासरी एखादा वॅटही पुरतो. पण तबल्यावरची थाप क्षणभर सरासरीपेक्षा 20 डेसिबेलने वर जाऊ शकते. त्या क्षणी शंभरपट शक्ती लागते. मोठा ॲम्प्लिफायर हवा तो यासाठी. लहान ॲम्प्लिफायर ताकदीपलीकडे ताणला, तर तरंगांचे माथे छाटले जातात. आवाज फाटतो, त्यात वरच्या पट्टीतील शक्ती वाढते आणि तार स्वरांचा नाजूक स्पीकर, म्हणजे ट्वीटर, जळू शकतो. त्यामुळे 60 वॅटचा स्पीकर 100 वॅटच्या ॲम्प्लिफायरवर सांभाळून वाजवला तर सुखाने चालतो. आवाज फाटू लागला की तो कमी करावा, हा खरा नियम.

वर्गात एक प्रयोग करता येईल. जुन्या रेडिओतला 8 ओहमचा स्पीकर घ्या आणि मल्टिमीटरने त्याचा रोध मोजा. साधारण 6 ओहम भरेल. मग 8 कुठून आले? मल्टिमीटर फक्त तारेचा रोध मोजतो. गाण्याची धारा मात्र सतत दिशा बदलते. तिला वेटोळ्याचे प्रवर्तन आणि पडद्याची हालचाल यांचाही विरोध होतो, आणि तो दर स्वराला वेगळा असतो. 8 हा नुसता ढोबळ आकडा आहे. आता दीड व्होल्टचा सेल क्षणभर जोडा. पडदा पुढे येईल. सेल उलटा जोडा, पडदा मागे जाईल. दोन स्पीकरच्या तारा उलटसुलट जोडल्या तर डग्गा पोकळ का वाटतो, हे विद्यार्थी स्वतःच सांगतील.

आमच्या स्नेह्यांना आम्ही लिहिले: 8 ओहमचे, 88 ते 90 डेसिबेल संवेदनशीलतेचे स्पीकर पाहा. वॅटचा आकडा शेवटी वाचा. आणि शक्य असल्यास स्वतःच्याच खोलीत, ओळखीचे गाणे लावून ऐका; कारण भिंती, फरशी आणि पडदे हेही त्या जोडीतले भागीदारच असतात.